आमचा रविवार कुठे गेला?

शनिवारी सकाळी कापूरहोळच्या फाट्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, की पुण्याला सुट्टी लागल्याचं कॅलेंडर न बघता कळतं. सातारा रस्त्यावरून एकामागून एक गाड्या भोरकडे वळत असतात. त्याआधीच चेलाडीला बऱ्याच गाड्या नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे गेलेल्या असतात. (सरकारी कागदावर या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) कुणी बनेश्वरच्या झाडीत जातं, कुणी राजगड-तोरण्यावर, कुणी भाटघरच्या पाण्याकाठी. पावसाळ्यात मढे घाट आणि वरंधा घाट. पुण्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर एवढं सगळं असल्यावर माणसं येणारच. यावंच त्यांनी.

आमच्या घरी मात्र सुट्टी लागल्याचं फोनवरून कळतं. "वहिनी, उद्या आम्ही सहा जण येतोय. तुम्ही काही करू नका हं, साधं पिठलं-भाकरी चालेल!" ज्यांनी कधी सहा जणांच्या भाकऱ्या थापल्या नाहीत, त्यांनाच पिठलं-भाकरी साधी वाटते. मग सोबत खर्डा आला, इंद्रायणीचा भात आला, ताक आलं. जेवून तृप्त झालेले पाहुणे निघताना म्हणतात, "तुमचं काय बाई, तुमची तर रोजच पिकनिक!" मीही हसते आणि भांडी घासायला घेते.

पाहुण्यांवर माझा राग नाही. आपली माणसं आली की घर भरल्यासारखं वाटतं. पण गेल्या वर्षी पाहुण्यांतली एक शाळकरी भाची म्हणाली, "मामी, रायरेश्वराच्या वर गेल्यावर काय काय दिसतं?" आणि मी गप्पच झाले. लग्न होऊन भोरला येऊन मला २६ वर्षं झाली. रायरेश्वरचा रस्ता लोकांना सांगून सांगून पाठ झालाय, पण मी स्वतः वर कधी गेलेच नव्हते. पुढच्या भिशीला मी सगळ्यांना विचारलं. अकरा जणींपैकी राजगड पाहिलेली एकच निघाली, तीही लग्नाआधी शाळेच्या सहलीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

असं का झालं असेल? घरातल्या कामाला शनिवार-रविवार नसतो. उलट रविवारी सगळे घरी, म्हणजे काम दुप्पट. आपण बाहेर पडतो ते लग्नाला, बारशाला, माहेरी, नाहीतर देवाला. नुसतं "मला बघायचंय म्हणून जाते" असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि कुटुंबाबरोबर सहलीला गेलोच, तर पहाटे चारला उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करणारी बाई तिथे झाडाखाली पिशव्या राखत बसते. बाकीचे वर जाऊन येतात आणि विचारतात, "जेवायचं का?"

म्हणून आम्ही पाच जणींनी नोव्हेंबरमधला एक रविवार ठरवला. ठरवणं सोपं, निघणं अवघड. एकीच्या सासूबाईंची औषधं, एकीच्या मुलाची परीक्षा. एका घरातून प्रश्न आला, "पाच बायका एकट्या जाणार?" पाच जणी म्हणजे एकट्या कशा, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. डबा न्यायचा नाही, हा एकच नियम केला. जीप ठरवली आणि निघालो.

आंबवड्याला नागेश्वराचं दर्शन घेतलं, झुलत्या पुलावरून शाळकरी मुलींसारख्या इकडून तिकडे गेलो. पुढे कोर्ल्याहून वर. शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिडी आहे. आमच्यातल्या एक ताई ५८ वर्षांच्या, गुडघेदुखीच्या. शिडीपाशी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते." आम्ही म्हटलं, "ताई, पिशव्या आणल्यातच कुठे?" मग एकेक पायरी बसत-उठत चढल्या.

वर लांबच लांब पठार आहे. शेतं, गुरं, जंगमांची घरं आणि रायरेश्वराचं देऊळ. १६४५ मध्ये शिवाजी महाराजांनी इथेच स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरेनं मानतात. देवळात बसलो तेव्हा कुणीच बोललं नाही. तासभर आम्हाला कुणी काही मागितलं नाही, कुणी हाक मारली नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, बरं वाटतंय."

जेवण एका जंगमांच्या घरी सांगितलं होतं. चुलीपाशी बाई भाकऱ्या थापत होती आणि दहा-अकरा वर्षांची तिची लेक आम्हाला वाढत होती. सवयीनं आम्ही सारख्या उठत होतो. ती म्हणाली, "बसा की ताई, पैसं देताय न्हवं?" मी विचारलं, "रविवारी फार गर्दी होत असेल?" म्हणाली, "रविवारचं तर चार पैसं मिळत्यात. गिऱ्हाईक येतंय ते बरंच हाय. पर पोरीला शाळंची सुट्टी आसून बी तिचा दिस चुलीपाशीच जातो."

तो घास माझ्या घशाखाली उतरेना. ज्या सुट्टीबद्दल मी पुण्याच्या पाहुण्यांवर मनात कुरकुरत होते, तीच सुट्टी मी आता तिच्या जिवावर घेत होते.

म्हणून बाहेर जाऊच नये का? तसं नाही. न गेल्यानं तिचं चार पैशांचंही नुकसान. जावं, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या हॉटेलात पाणीबाटलीचे पैसे मुकाट देणारी माणसं गडाच्या पायथ्याशी भाकरीच्या ताटासाठी वीस रुपयांची घासाघीस करतात. निदान आपण बायकांनी ती करू नये. भाकरीमागचे कष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. ताट आदल्या दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे तिची ऐनवेळी धांदल होत नाही. आणि जेवल्यावर आपली ताटं आपण उचलावीत.

दुसरी गोष्ट जरा खाजगी, पण लिहिते. त्या दिवशी आम्ही पाचही जणी सकाळपासून पाणी बेतानंच प्यालो. का, ते तुम्हाला सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला, आम्हाला अभिमान वाटला. आता फलक लागतील, कमानी उभ्या राहतील. त्याआधी प्रत्येक पायथ्याच्या गावात पाणी आणि आतून कडी असलेलं बायकांचं स्वच्छतागृह हवं. ते रोज झाडणाऱ्या बाईला पगारही हवा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हा विषय त्यांनी नाही मांडायचा तर कुणी?

आणि तिसरी गोष्ट, पाण्याची. मे २०२२ मध्ये भाटघर धरणाच्या पाण्यात नऱ्हे गावाजवळ पाच तरुण मुली-बायका बुडाल्या. धरणाचं पाणी काठाला उथळ, शांत दिसतं, पण खाली गाळ आणि एकदम खोल उतार असतो. फोटोसाठी सुद्धा पाण्यात पाऊल टाकू नका, पोरींना टाकू देऊ नका.

आमची पुढची फेरी ठरलीय. यावेळी चढ नाही. राजगडाच्या पायथ्याला पाल खुर्दमध्ये सईबाईंची समाधी आहे. १६५९ मध्ये राजगडावर त्यांचं निधन झालं, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. आजारी सईबाईंना बाळाला दूध पाजता येईना, तेव्हा त्यांच्या दूधआई झाल्या त्या धाराऊ गाडे कापूरहोळच्या. ज्या फाट्यावर शनिवारी गाड्या वळतात ना, त्याच गावच्या. गाडीतल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही एखादा गड, घाट, तळं, जुनं देऊळ असेलच. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. चार जणी जमवा, घरच्यांना एका दिवसाचा स्वयंपाक करू द्या. बिघडला तर बिघडला, एका दिवसानं कुणी उपाशी मरत नाही. आणि तारीख आजच ठरवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी लिहा.