मत मागायचे, तर मुदतही द्या

शिरढोणची ग्रामसभा असो की राज्यातील दुसऱ्या कोणत्या गावाची, तिची नोटीस ७ दिवस आधी द्यावी लागते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. हेतू एकच की ज्याचे मत घ्यायचे, त्याला विषय समजून घेण्यास सवड मिळावी. आज दवंडी आणि उद्या सभा झाली, तर हात वर होतात, विचार होत नाही.

हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रातही आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ रचना कोणीही पाहावी, सुधारावी, वापरावी असे सॉफ्टवेअर. आपल्या दुकानातील अँड्रॉइड फोनचा गाभा, लिनक्स, हा त्यातलाच. अशा काही संस्था मतदान घेऊनच नवी आवृत्ती बाजारात आणतात. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये हे मतदान किमान ७२ तास खुले ठेवण्याचा प्रघात आहे. अधिकृत मतदारांचे किमान ३ होकार हवेत आणि होकार नकारांपेक्षा जास्त हवेत. होकार देणाऱ्याने आवृत्ती आपल्या यंत्रावर उतरवून, चालवून पाहिलेली असावी लागते. थोडक्यात, माल तपासल्याशिवाय पावतीवर सही नाही.

परंतु ७२ तास सर्वांना सारखे नसतात. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेले मतदान सोमवारी संध्याकाळी संपते, म्हणजे आपल्याकडे मधला रविवार गेला. सौदी अरेबिया व कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांची सुटी शुक्रवार-शनिवारची. त्यात ईद किंवा दिवाळी आली, तर मुदत नावापुरतीच राहते. हे काम करणारे पुष्कळजण विनामोबदला, पोटापाण्याचा धंदा सांभाळून वेळ देतात, हेही ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, दुरुस्ती तातडीची असेल तर थांबायचे कसे? शंका रास्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अपाचीच्याच लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर छिद्र सापडले. जगभरचे संगणक धोक्यात असल्याने दुरुस्ती तातडीने काढणे भाग होते. मात्र पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात आणखी तीन आवृत्त्या काढाव्या लागल्या. महामार्गावरची ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी इथेही लागू पडते.

आमच्या मते नियम साधा असावा. ७२ तास ही किमान मुदत मानावी, सुटी वा सण आल्यास ती ५ ते ७ दिवस करावी. मतदान संपण्याची तारीख व वेळ आरंभीच लेखी जाहीर करावी. मधेच माल बदलला, तर मुदत नव्याने मोजावी. तातडीसाठी ती कमी केली, तर कारण नोंदवून नंतर पुन्हा तपासणी करावी.

आपल्या व्यापारी संघांनी आणि पतसंस्थांनीही हाच हिशेब लावून पाहावा. सभासदाचे मत हवे असेल, तर आधी त्याला वेळ द्यावा.