गच्चीची किल्ली कुणाकडे?



मुंबईतल्या एका पुनर्वसन इमारतीच्या गच्चीवर आमच्या गटातल्या बाया तीन वर्षं मेथी, पालक, अळू, टोमॅटो पिकवताहेत. घरोघरचा ओला कचरा आणि वाळका पाला कुजवून त्यांनीच माती केली. लिफ्ट बंद असताना सात मजले पाण्याच्या कळश्या चढवल्या. परवा सोसायटीत बागेचं कौतुक झालं आणि सत्कार झाला सेक्रेटरींचा! गच्चीची किल्लीही त्यांच्याच खिशात. बागेसाठी सकाळी तासभर दार उघडतं, मग दिवसभर कुलूप.

कुलूप का, असं मी विचारलं. उत्तर आलं, "मुली वर जातात, नसती भानगड नको." मुलगे रात्री बारापर्यंत नाक्यावर उभे असतात, त्यांना कोण कुलूप लावतं? म्हणजे बाईनं वर यायचं ते कामापुरतं. पाणी घालावं, भाजी खुडावी आणि खाली जावं. मैत्रिणीशी चार शब्द बोलत वाऱ्यावर बसायला तिला मुभा नाही. बागेनं तिच्या कामात भर घातली, हक्कात नाही.

यात दोष माझाही आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेली मी! प्रकल्पाच्या अर्जात 'पोषण', 'सक्षमीकरण' असे शब्द लिहिले, किती किलो भाजी निघाली ते मोजलं. किल्ली कुणाकडे, हे तीन वर्षं विचारलंच नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतात, "भाजी मिळतेय ना? मग भांडण कशाला?" भांडण हक्काचं आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याचा नियम आहे. सहकारी संस्थांच्या कायद्यानं समितीत बायांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण आमच्याकडे त्या बायांच्या घरी फक्त सहीपुरती वही जाते. गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक जागा. मग बाग सेक्रेटरींच्या मेहेरबानीवर का?

ओझ्याची, गळतीची भीती खोटी नाही. इंजिनियरला दाखवून कुंड्या, पिंपं कुठे ठेवायची ते ठरवू. पण गळतीचं निमित्त करून मुलींना कोंडणं चालणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन मागण्या मांडणार आहोत. किल्लीची एक प्रत गटाकडे हवी, गच्चीवर पाण्याचा नळ हवा आणि संध्याकाळी गच्ची मुलींसाठी खुली हवी. तुमच्या वस्तीत बाग असेल, तर तुम्हीही आधी किल्लीचं विचारा.