एवढा प्ले राहतोच!

बरेच दिवस काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही, कंटाळा होता. आज मात्र राग आहे, आणि राग आला की मी बरं लिहितो असं घरचे म्हणतात. यावेळी रागही घरच्यांवरच आहे, तेव्हा काका-मामा मंडळींनी जरा सांभाळून घ्यावं. (नका घेऊ हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.)

बाबांची जीप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. महिंद्राची एमएम ५४०, १९९३ ची. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जायला घेतली होती, अजूनही त्याच कामाला आहे. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि "या गाडीला माझाच हात लागतो" हे त्यांचं आवडतं वाक्य आहे. आजवर आम्ही सगळे ते कौतुकानं ऐकत आलो.

मागच्या दिवाळीत पाडव्याला सगळे बागेत निघालो. जीप माझ्या भाचीनं घेतली. ही पोरगी रोज नागपुरात, सीताबर्डीच्या गर्दीतसुद्धा, आपली छोटी गाडी व्यवस्थित चालवते. फेटरी मागे पडली आणि पुढे एक सायकलवाला आला. तिनं स्टिअरिंग थोडं वळवलं, काहीच झालं नाही. आणखी वळवलं, आणि जीप एकदम बाजूला गेली. घाबरून तिनं उलटं वळवलं, तर पुन्हा तेच. शेवटी डावी चाकं रस्त्याखाली उतरली आणि गाडी मातीत थांबली. सायकलवाला वाचला, आम्ही वाचलो. चिवड्याचा डबा तेवढा सांडला.

आणि मग निकाल लागला. "काहून दिली तिच्या हातात?" "पोरींचं काम नाही जीप म्हणजे." "जुन्या गाडीला हात बसावा लागतो." बागेत पोचेपर्यंत हेच. भाची एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि खरं तर आज जो राग आहे त्यातला अर्धा त्याचाच आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी जीप एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं स्टिअरिंग हलवून पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे भाऊ, एवढा प्ले तर राहतेच." मग स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू पान्यानं थोडा आवळला, लॉक नट घट्ट केला, दहा मिनिटांत काम संपलं. सरळ रस्त्यावर प्ले खरंच कमी वाटला. मी खूश! पण पहिल्याच चौकात वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होईना. हातानं ओढून आणावं लागलं. म्हणजे आधी गाडी ऐकत नव्हती, आता ऐकल्यावर सोडत नव्हती.

हा स्क्रूचा प्रकार नीट समजून घ्या, कारण वर्षानुवर्षं आपल्याला याच एका स्क्रूवर गंडवलं जातं. बॉक्समधले दात मधल्या जागी सर्वात जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. कडेचे दात त्यामानानं शाबूत असतात. मधली झीज भरून काढायला स्क्रू जास्त आवळला, की वळणावर तेच दात एकमेकांत अडकतात. बरं, मुळात दोष बॉक्समध्ये नसून खालच्या सांध्यांमध्ये असेल, तर तुम्ही डोकेदुखीवर चष्म्याची काडी आवळताय.

शेवटी एका रविवारी मी आणि भाचीनंच पाहायचं ठरवलं. चाकं सरळ, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. ती सीटवर, मी पोतं टाकून खाली. ती स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिली आणि मी एकेक सांधा बघत गेलो. पद्धत अगदी सोपी आहे. हालचाल जिथे आत जाते पण बाहेर येत नाही, तिथे चोर. आम्हाला एक नाही, चार सापडले. ड्रॉप आर्मला जोडलेल्या ड्रॅग लिंकचा एंड; त्याचं रबर फाटून आत ग्रीसऐवजी मुरूम भरला होता. डावीकडचा टाय रॉड एंड. बॉक्स चेसिसला धरून ठेवणारे दोन बोल्ट ढिले, त्यामुळे बॉक्स स्वतःच डुलत होता. चौथा चोर गाडी जॅकवर घेतल्यावर सापडला. चाक वर-खाली धरून हलवलं तर हललं, आणि भाचीनं ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं, म्हणजे व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही हललं असतं तर किंगपिनकडे पाहावं लागलं असतं.

दुसऱ्या एका मिस्त्रीकडून दोन्ही एंड बदलले, बेअरिंग सेट केलं, बोल्ट आवळले, प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन घातली. बॉक्सला हात सर्वात शेवटी. लिंक सोडून, चाक मध्ये ठेवून, स्क्रू हवा तेवढाच. नव्वद नंबरचं ऑइल कमी होतं, ते भरलं. शेवटी अलाइनमेंट.

आता आकडे. आमच्या स्टिअरिंगच्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर. कडेला दोरा बांधून मोजलं तर पुढची चाकं हलायच्या आधी कड १४ सेंटिमीटर फिरत होती, म्हणजे साधारण ४० अंश. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंगचा हा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोपण हवं, आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. ३० अंश म्हणजे आमच्या चाकावर साडेदहा सेंटिमीटर. कायदा इतका उदार असून आम्ही त्याच्याही बाहेर होतो! काम झाल्यावर मोजलं, ३ सेंटिमीटर.

म्हणजे भाचीला जीप चालवता येत नव्हती हे खोटं. जीप चालवण्यालायक नव्हती.

आता बाबांबद्दल. प्ले एका दिवसात वाढत नाही. वर्षाला एखादं बोट वाढतो, आणि रोज चालवणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर वाढत जातो. तो नकळत आधीच वळवायला लागतो, सतत सावरत राहतो. त्याला वाटतं आपलं कसब वाढलंय. वाढलेली असते ती झीज. बाबांचा हात खरंच चांगला आहे, पण त्या हातानं पंधरा-वीस वर्षं चार खराब सांधे झाकून ठेवले. ज्या गाडीला एकाच माणसाचा हात लागतो ती गाडी बिघडलेली आहे. त्यात अभिमान कसला?

"जुन्या गाड्या अशाच असतात" हेही ऐकून घेणार नाही. पन्नासच्या दशकात सुरू झालेल्या ॲम्बेसेडरला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग होतं, जे आज बहुतेक नव्या मोटारींना असतं. जीपसारख्या बॉक्सवाल्या गाडीत थोडा प्ले लागतो, हे मान्य. बोटभर. वीतभर नाही. वयाचा संबंध एवढाच, की जितकी वर्षं जास्त, तितकी वर्षं कोणी खाली वाकून पाहिलेलं नसतं.

२०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण आलं तेव्हा आमच्या घरात काय आरडाओरडा झाला होता! आपल्याच नागपूरचे गडकरी आणि आपल्याच जीपवर उठले, वगैरे. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची नोंदणी नूतनीकरणाची फी दहा हजार झाली, तेव्हा पुन्हा तेच. मलाही ती फी जड वाटते. पण आमचं हे सगळं काम, मजुरी धरून, त्या दहा हजारांच्या निम्म्यातही झालं. फीवर तासभर भांडणाऱ्या एकाही काकानं तीस वर्षांत टाय रॉड एंडचं रबर पाहिलं नव्हतं. मग गाडी भंगारात काढायला निघालेल्यांना आपण कोणत्या तोंडानं सांगणार की आमची गाडी धडधाकट आहे?

आणि हे फक्त हौशी जीपवाल्यांपुरतं नाही. वाडीला अमरावती रोडवर उभे राहा, किंवा अंबिया बहाराच्या दिवसांत कळमन्याच्या बाजाराबाहेर. जुन्या मेटॅडोर, छोटे ट्रक सरळ रस्त्यावर नागासारखे डुलत येतात, आणि ड्रायव्हरचे हात सारखे चाललेले असतात. आपण म्हणतो, "काय सफाईनं चालवतो!" समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला त्या सफाईचं काय करायचंय? ढिलेपणा आपल्या गाडीत असतो, पण तो खपवून घ्यावा लागतो रस्त्यावरच्या दुसऱ्याला.

मार्चमध्ये मृग बहाराची संत्री पाहायला पुन्हा बागेत गेलो. जाताना आणि येताना भाचीनं चालवली, बाबा शेजारी. फेटरीनंतर मी मागून बघत होतो, बाबांचे हात मांडीवर असूनही सवयीनं सावरल्यासारखे हलत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता मजा नाही राहिली हिच्यात."

भाची म्हणाली, "हो आजोबा, नाहीच राहिली," आणि हसली.

दिवाळीत तिला बोललेल्यांपैकी कोणी अजून माफी मागितलेली नाही. माझी मागून झाली. तुम्हीही उद्या सकाळी जरा खाली उतरा. इंजिन बंद ठेवून (पॉवर स्टिअरिंग असेल तर सुरू करून) स्टिअरिंग दोन बोटांनी हलवा, आणि पुढचं चाक हलायच्या आधी कड किती फिरते ते पट्टीनं मोजा. आकडा मला कळवा. काका, तुम्ही आधी.