वार्धक्याचा भार कोणी उचलावयाचा?

आयुष्यभर राबलेल्या माणसाने हातपाय थकल्यावर कोणाच्या आधारावर जगावे, हा प्रश्न भांडवली समाजाने सदैव धर्मादायाच्या कोपऱ्यात ढकलला आहे. भांडवलशाही जेथे प्रथम प्रौढ झाली, त्या इंग्लंडचा या बाबतीतील इतिहास उद्बोधक आहे.

१६०१ च्या दारिद्र्य कायद्याने निर्धनांच्या पोषणाचा भार त्या त्या पॅरिशवर टाकला व त्यासाठी स्थानिक कर बसविला. पुढे मालकवर्गाला हा खर्च डाचू लागला. १८३४ च्या कायद्याने असे धोरण ठरले, की धडधाकट मजुराला मदत हवी असेल तर त्याने सहकुटुंब वर्कहाऊसमध्ये दाखल व्हावे. आणि तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत हीन मजुराच्या जिण्याहूनही वाईट असावे. मजुराला धाक बसविण्यासाठी रचलेल्या या यंत्रात भरडले गेले ते मुख्यतः वृद्ध, आजारी व अनाथ. जन्मभर संसार केलेल्या पतिपत्नींची तेथे ताटातूट होई. अँडोव्हर येथे खतासाठी हाडे फोडणारे उपाशी रहिवासी त्याच कुजक्या हाडांतील मगज खात असल्याचे १८४५ साली उघडकीस आले. जनतेने या इमारतींना ‘बॅस्टील’ म्हटले, ते उगीच नव्हे.

ही व्यवस्था मालकांच्या हृदयपरिवर्तनाने मोडली नाही. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वार्धक्यवेतन मिळू लागले, त्यामागे कामगार संघटनांची दीर्घ चळवळ होती. १९२१ मध्ये लंडनच्या पॉप्लर या कामगारवस्तीचे ३० नगरसेवक तुरुंगात गेले. गरीब वस्तीनेच आपल्या गरिबांचा सारा भार का वाहावा, हा त्यांचा सवाल होता. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली आणि हा भार श्रीमंत भागांवरही टाकणारा कायदा सरकारला करावा लागला. १९४८ साली जुना दारिद्र्य कायदा अखेर इतिहासजमा झाला.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यातील सरकारी साहाय्याच्या हक्काचा उल्लेख आहे. केरळात नायनार मंत्रिमंडळाने १९८० साली शेतमजुरांना वार्धक्यवेतन लागू करून त्याला काही अर्थ दिला. केंद्राची योजना मात्र १९९५ साली दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाली आणि ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. तोही दारिद्र्यरेषेखालील म्हणून नोंद झालेल्यांपुरता. उरलेला बोजा राज्यांवर, म्हणजे ज्यांच्या तिजोरीत कमी त्यांच्यावरच अधिक पडतो. पॉप्लरचा सवाल तो हाच. तो संसदेत, ग्रामसभेत आणि रस्त्यावर एकाच वेळी विचारला पाहिजे.