मूळ संचाचा हट्ट

नाताळच्या सुट्टीत आपल्या मंडळाने 'संगीत सौभद्र'ची छोटी आवृत्ती पुन्हा रंगमंचावर आणली. नाटक तेच, पदंही बहुतेक तीच, माणसं मात्र जवळजवळ सगळी बदललेली. मध्यंतरात चहाच्या रांगेत आणि नंतर पार्किंगमध्ये निरोप घेताना एकच वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू आलं : "छान झालं, पण मागच्या वेळची मजा नाही." हे वाक्य मला पटत नाही. ते बोलून विसरून जाण्यासारखं असतं, तर मी त्यावर लेख लिहिला नसता. पण असं वाक्य हळूहळू तालमीच्या खोलीपर्यंत पोहोचतं, आणि मग नवीन माणूस भूमिका मागायला येत नाही.

आधी मी काय पाहिलं ते सांगते. मागच्या प्रयोगात कृष्ण झालेले आपले काका गाणारे होते. त्यांनी तान घेतली की सभागृह डोलायचं, आणि पुढची दोन वाक्यं त्या डोलण्यातच वाहून जायची. यंदाचा कृष्ण इथे अमेरिकेतच जन्मलेला कॉलेजचा मुलगा. 'ळ' उच्चारताना त्याला अजून जरा थांबावं लागतं, आणि गळा बेताचा आहे. पण संवाद त्याने असे नेमके टाकले की कृष्ण काय उद्योग करतो आहे, ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. बलरामदादाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायची ठरवली आहे. त्याला समोरून विरोध न करता, त्याच्याच भाविकपणाचा उपयोग करून कृष्ण यतीच्या वेशातल्या अर्जुनाला राजवाड्यात आणवतो. घरातल्या मोठ्या माणसाचा मान राखायचा आणि त्याचा निर्णय मात्र फिरवायचा. आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही युक्ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली किती बारकाईने टिपली आहे! मागच्या वेळी मी गाणं ऐकलं होतं, यंदा नाटक पाहिलं. दोन्ही प्रयोग मला हवेत. पहिला चांगला होता म्हणून दुसरा उणा ठरत नाही.

विंगेतली एक गोष्ट मला जवळून बघायला मिळाली, कारण मी रंगपटात मदतीला होते. मागच्या वेळची सुभद्रा जमिनीवर उकिडवी बसून नव्या सुभद्रेच्या नऊवारीचा काष्टा घट्ट करत होती. काष्टा खोचता खोचता ती हळू आवाजात सांगत होती, "रुक्मिणीशी बोलताना लगेच वळू नकोस. आधी ऐक, मग वळ." मुलीने मान हलवली. रंगमंचावर गेल्यावर ती वळली, पण स्वतःच्या पद्धतीने : आधी नजर, मग मान, मग खांदा. विंगेतून पाहणाऱ्या जुन्या सुभद्रेच्या चेहऱ्यावर मला नाराजी दिसली नाही. ती टक लावून पाहत होती.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. खानदेशात वाढलेल्या माणसाला संच बदलण्याचं एवढं वाईट का वाटावं, हे मला कळत नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला, म्हणजे साधारण डिसेंबरातच, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. आज ते गाव नंदुरबार जिल्ह्यात मोडतं. 1998 पर्यंत तो आमचा धुळे जिल्हाच होता. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोड्यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. माझे मामा दरवर्षी जायचे. वग त्यांना तोंडपाठ असायचा, राजा कधी फसणार आणि मावशी कुठे टोमणा मारणार ते आधीच ठाऊक. तरी बैलगाडीतून, पुढे एसटीने, ते थंडीत घोंगडी घेऊन जायचेच. परत आल्यावर गोष्ट कोणी विचारत नसे. विचारायचे ते नव्या माणसाचं. निघताना मामांच्या तोंडी हेच असायचं : "औंदा राजा नवा शे, दखू कसा करस ते." अख्ख्या यात्रेची उत्सुकता त्या एका वाक्यात होती. तमाशाचा फड टिकतोच मुळी माणसं बदलून. विठाबाई नारायणगावकरांच्या मागून त्यांच्या कन्या मंगला बनसोडे उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत पुढे त्यांचा मुलगा नितीनकुमार उभा राहिला. विठाबाईंसारखी विठाबाईच, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. पण म्हणून त्यांनी मंगलाताईंच्या कनातीकडे पाठ फिरवली नाही.

कानबाईचंही तसंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. गाणी म्हणणाऱ्या बायका दरवर्षी त्याच नसतात. कोणी थकलेली असते, कोणी गेलेली असते, कोणी नवी सून म्हणून पहिल्यांदा ओळ उचलते. तिचा सूर थोडा चढा लागतो, बाकीच्या सावरून घेतात आणि गाणं पुढे जातं. मूळ संच नाही म्हणून कानबाई बसवायची राहिली, असं कुठल्या गावात झालेलं मी ऐकलेलं नाही.

मग हा हट्ट आला कुठून? माझ्या मते तो रंगभूमीतून आलेला नाही, तबकडीतून आणि कॅसेटमधून आला आहे. बालगंधर्वांचंच पाहा. लहानपणी नारायण राजहंस काही काळ जळगावात होते, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. जळगावला याचा अभिमान आहे, खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. पण बालगंधर्व म्हणून आपण आज जे ऐकतो, ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावेल तेवढं गाणं आहे. रंगमंचावर ते तेवढंच पद 'वन्स मोअर' घेत घेत कितीतरी वेळ फुलवत, आणि रोज वेगळं गात. तबकडीने त्यातला एक तुकडा उचलला आणि आपण त्यालाच 'मूळ' मानून बसलो.

शिवाय बालगंधर्व स्वतः बदललेल्या संचातले. 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' पहिल्यांदा झालं, तेव्हा शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. पुढे भाऊराव कोल्हटकर आले आणि शकुंतला, सुभद्रा त्यांच्या झाल्या. भाऊराव 1901 मध्ये गेले, तेव्हा आता संपलं असं म्हणणारे रसिक होतेच. 1905 मध्ये कोवळ्या वयाचे नारायणराव किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. पहिले शकुंतला झालेले मुजुमदार तेव्हा मंडळीचा कारभार पाहत होते. त्यांनी स्वतःची भूमिका आधी भाऊरावांच्या आणि मग या मुलाच्या हाती जाताना पाहिली. त्या काळी कोणी मूळ संचाचा आग्रह धरून बसलं असतं, तर महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले नसते.

आणि पुढे सुभद्रा स्त्रियांच्या हाती आली. जयमाला शिलेदारांनी ती केली, त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी केली. पुरुषाने गाजवलेली भूमिका बाई करते, आईने गाजवलेली मुलगी करते, आणि सुभद्रा दर वेळी वेगळ्या कारणाने रुसते. संच बदलला की जुन्या नाटकात असं नवं काही सापडतं.

1921 सालचं 'संयुक्त मानापमान' तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 8 जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी तो प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. केशवराव 'मानापमान'चे पहिले धैर्यधर नव्हेत. 1911 साली ती भूमिका नानासाहेब जोगळेकरांची होती. मराठी माणूस शंभर वर्षं ज्या प्रयोगाची आठवण काढतो, तो बदललेल्या संचाचा प्रयोग आहे! त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले. त्या जुलैत जे तिथे होते, त्यांनी तो धैर्यधर पाहिला. बाकीच्यांना तो पुन्हा मिळणार नव्हता.

आता 'कट्यार काळजात घुसली'. इथे माझ्या विरोधकांची बाजू खरोखर भक्कम आहे, म्हणून ती टाळून पुढे जात नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेलं हे नाटक 1967 मध्ये आलं. खाँसाहेब वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर, झरीना फैय्याज, सदाशिव प्रसाद सावकार. वसंतरावांच्या गळ्याला आणि स्वभावाला ती भूमिका इतकी बसली की नट आणि पात्र वेगळे करताच येत नव्हते. 1983 मध्ये वसंतराव गेल्यावर दुसरा कोणी खाँसाहेब होऊ शकेल, हे अनेकांना अशक्य वाटायचं. माझ्या सासऱ्यांना तर कोणी दुसऱ्याचं नाव काढलेलंही चालत नसे. 2010 मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले. आजोबा गेले तेव्हा राहुल अगदी लहान होते. म्हणजे हा खाँसाहेब आजोबांना रंगमंचावर पाहून केलेली नक्कल असूच शकत नव्हता. तो ऐकून, शिकून, पुन्हा घडवलेला होता. आणि सदाशिव झाले महेश काळे, अमेरिकेत राहणारे, अभिषेकीबुवांचे शिष्य. आपल्यासारख्याच परदेशात घर केलेल्या माणसाने ती भूमिका पेलली, हे आपल्या मंडळात तरी मोठ्याने सांगायला हवं.

या नाटकाचा विषयच मुळी हा आहे की गाणं कोणाचं. घराण्याचं की जो जिवापाड शिकेल त्याचं? खाँसाहेब विद्या द्यायला तयार नाहीत, सदाशिव ती लपून टिपतो, आणि शेवटी खाँसाहेबांनाही त्याच्या सुरापुढे हार मानावी लागते. हे नाटक तीन तास पाहून, टाळ्या वाजवून, घरी जाताना 'मूळ संचाशिवाय काही खरं नाही' म्हणणं म्हणजे दारव्हेकरांचं म्हणणं न ऐकताच उठून जाणं आहे.

आपण राहतो त्या देशाकडेही जरा पाहावं. मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' 1975 पासून दर हिवाळ्यात होत आलं आहे. त्यातला टायनी टिम लहान मुलगा. वर्ष-दोन वर्षांत तो उंच होतो आणि दुसरा मुलगा घ्यावाच लागतो. न्यू यॉर्क सिटी बॅलेचं बॅलन्शीनकृत 'नटक्रॅकर' 1954 पासून चालू आहे, त्यातली मुलंही मोठी होऊन बाहेर पडतात, नवी येतात. तिथल्या कुटुंबांना हे ठाऊक असतं, आणि त्यासाठीच ती दर वर्षी जातात : यंदाचा स्क्रूज किती खडूस, यंदाचा टिम किती गोड. कधी काळी तीच भूमिका केलेली मोठी माणसं आपल्या मुलांना घेऊन प्रेक्षकांत बसतात. सारंगखेड्याला जाणाऱ्या माझ्या मामांना ही माणसं लगेच समजली असती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. खानदेशातल्या प्रेक्षकांच्या मनात बदललेल्या संचाबद्दल जो राग आहे, त्यातला काही रास्त आहे. मुंबई-पुण्याकडून दौऱ्यावर येणाऱ्या नाटकाच्या जाहिरातीत एका नामवंत नटाचा फोटो असायचा, आणि पडदा उघडला की भलताच माणूस उभा. पैसे मोठ्या शहराच्या तोडीचे, तालीम प्रवासातल्या बसमध्ये झालेली. एकदा जळगावात असा प्रयोग मी स्वतः पाहिला आहे. नव्या नायिकेला दुसऱ्या अंकात बाहेर कुठून जायचं हेच माहीत नव्हतं. ही फसवणूक आहे, आणि तिला कलेचं नाव देऊन झाकता येत नाही. पण दोष नव्या नटीचा नव्हता. तिला तालीम न देता उभं करणाऱ्यांचा होता. हौशी संस्थांत याच्या उलट पाहिलं आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर बँकेतल्या किंवा वीज मंडळातल्या कलाकाराची बदली होते, आणि मग दुसरा माणूस रात्री जागून, शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून, तालमी करून उभा राहतो. त्या कष्टांवर धुळे-जळगावची हौशी रंगभूमी इतकी वर्षं तगली आहे.

म्हणून कार्यकारिणीकडे माझी मागणी आहे. पुढच्या वर्षी नवं नाटक शोधू नका. 'सौभद्र'च करा, आणि मुख्य भूमिकांसाठी पहिल्यापासून दोन-दोन माणसं घ्या. दोघांच्या पूर्ण तालमी करा. कोणत्या प्रयोगाला कोण आहे, हे पत्रकावर ठळक छापा. जुन्या मंडळींना मानाने बोलवा, पण खुर्चीत बसवून शाल देण्यासाठी नव्हे. प्रत्येकाला एक भूमिका शिकवायला द्या. ज्यांनी मागच्या दोन्ही खेपा पाहिल्या, त्यांनी तिसऱ्यांदा यावं, आणि या वेळी तुलना करताना 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द बाजूला ठेवून, काय नवं दिसलं ते बोलावं.

आणि नाताळच्या सुट्टीत जे खानदेशात जाणार असतील, त्यांनी परतीचं तिकीट थोडं पुढचं काढावं. जानेवारीच्या सुरुवातीला जळगावात वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. तिथे नावाजलेल्यांच्या बरोबरीने तरुण गळेही गातात. भरीत-भाकरी खाऊन मुलांना सोबत घ्या, आणि आपण कधी नावही न ऐकलेला कलाकार ज्या सत्रात असेल, त्या सत्राला आवर्जून जाऊन बसा.