आमची बोली अशुद्ध, मग शुद्ध कोणाची?



ज्या पिकाला वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात त्याला मराठवाड्यात कुठे कपाशी म्हणतात, कुठे सरकी. यवतमाळकडे पिकात डवरा चालतो, बीडकडे कोळपे. अमरावतीच्या बाया निंदायला जातात, लातूरच्या खुरपायला. आमचा वखर साताऱ्याकडे गेला की कुळव होतो आणि तिफणीची पाभर होते. रब्बीच्या ज्वारीला सांगलीकडे शाळू म्हणतात, खानदेशात दादर. 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. विद्यापीठे 'संकरित' म्हणत राहिली, पण गावाने त्या ज्वारीचे नावच 'हायब्रीड' ठेवले आणि त्या नावाच्या भाकरी खाल्ल्या.

यातला कोणता शब्द शुद्ध आणि कोणता अशुद्ध? जमीन बदलली, औजार बदलले, शेजारची भाषा बदलली, की बोली बदलते. काळ्या रानातला शब्द माळावर चालेलच असे नाही. हे आपल्याला कळते. कळत नाही ते कागद छापणाऱ्यांना.

आमचे पोर शाळेत 'मले' म्हणाले की वर्ग हसतो. 'मला' म्हणणारे पोर हुशार ठरते. 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हटले की गावंढळ. हा निकाल कोणी दिला? पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या घरांत जी बोली बोलली जात होती, तिच्यावरून शाळेची आणि छापखान्याची मराठी घडली. ती इतरांपेक्षा गोड होती म्हणून नव्हे, तर शाळा, छापखाने आणि कचेऱ्या ज्यांच्या हातात होत्या त्यांची ती बोली होती म्हणून. आणि मान कोणाचा म्हणाल, तर तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र', ज्याला मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणतात, ते वऱ्हाडातल्या रिद्धपूरशी जोडलेले आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्याच वऱ्हाडातला शेतकरी तहसीलमध्ये तोंड उघडायला आजही लाजतो. ही कसली अभिजातता?

पण हा लेख मानपानासाठी नाही. भाषेपायी आमचा पैसा जातो आणि कधी जीवही जातो, म्हणून हा लेख आहे.

1964 साली राजभाषा कायदा झाला. इंग्रजी जाऊन कारभार मराठीत येणार म्हणून सगळे सुखावले, आणि ते योग्यच होते. पण कचेरीत आली ती आमची मराठी नव्हती. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याला संस्कृतचे धोतर नेसवायचे आणि शेतकऱ्यापुढे उभा करायचा, असा प्रकार झाला.

पीकविम्यातला 'उंबरठा उत्पन्न' हा शब्द घ्या. आमच्या माहितीत उंबरठा घराला असतो, पिकाला नसतो. या एका शब्दात विम्याचा सगळा हिशेब दडला आहे, म्हणून तो साध्या भाषेत मांडतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेतात आणि तुमच्या महसूल मंडळाच्या उताऱ्याची सरासरी काढतात. समजा ती हेक्टरी 10 क्विंटल आली. जोखीमस्तर 70 टक्के, म्हणजे उंबरठा 7 क्विंटलचा. यंदा मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत 6 क्विंटल भरले, तर तूट धरायची 1 क्विंटलची. विम्याची रक्कम 49 हजार असेल तर तिचा सातवा हिस्सा, 7 हजार रुपये मिळतात. मंडळात 7 क्विंटल भरले, तर तुमच्या वावरात दोनच क्विंटल पिकले असले तरी या हिशेबात छदामही नाही.

शेतकऱ्याला वाटते, दहाचे सहा झाले, म्हणजे चार क्विंटलचे पैसे येतील. त्याचे चुकले का? त्याला कोणी सांगितलेच नाही. 'जोखीमस्तर 70 टक्के' याऐवजी 'शंभरातले पहिले तीस तुमचे तुम्ही सोसायचे' असे छापले असते, तर योजना सुरू झाली त्या 2016 सालीच गावोगावच्या पारावर प्रश्न उठले असते. हे तीस आमच्या माथी का? हिशेब माझ्या वावराचा का नाही, मंडळाचा का? 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यात विमा बहुतांशी या कापणी प्रयोगांवरच येऊन ठेपला आहे, तेव्हा हा शब्द कळणे आता आणखी गरजेचे झाले आहे. अवघड शब्द नेहमी अडाणीपणातून येत नाही. कधी तो सोयीचाही असतो.

दुसरा शब्द 'औषध'. तो मात्र फार सोपा आहे, आणि घातक तेवढाच. आजाऱ्याला देतात ते औषध. फवारतात ते विष. डब्यावरच्या चौकोनात रंगाची खूण असते: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लालवर कवटी आणि 'विष' हा शब्द असतो. पण दुकानदार, कंपनीचा माणूस आणि शेतीच्या सभांतले वक्ते, सगळे 'औषध'च म्हणत आले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. एका शब्दाने ती मेली असे आम्ही म्हणत नाही. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, अनेक विषांचे मिश्रण, ना मोजे ना मुखवटा, अशी कारणे होती. पण ज्याला माहितीपत्रकाची बारीक अक्षरातली भाषा कळली नाही, त्याच्या हाती 'औषध' एवढाच शब्द उरला होता. आणि फवारणारा बहुधा मजूर असतो. गावातही सगळ्यांची भाषा एक नाही. मालकाला दुकानदार चार गोष्टी समजावतो, मजुरापर्यंत त्यातली एकही येत नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा 'आंतरमशागत' हा शब्द शिकलो. डवरणीही त्यात आणि निंदणही त्यात. डवरणी बैलाची, निंदण बाईच्या हाताचे. मजुरी वेगळी, दिवस वेगळे, कंबर मोडते तीही वेगळ्या माणसाची. बोलीत दोन शब्द आहेत कारण कामे दोन आहेत. पुस्तकाने दोन्ही एका पोत्यात भरली आणि बाईचे काम दिसेनासे झाले. मग सांगा, नेमकी भाषा कोणाची?

उलटही घडले आहे. कपाशीचे पान लाल पडते त्याला शेतकऱ्याने 'लाल्या' म्हटले. विद्यापीठाने तपासले, मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता, रात्रीची थंडी, तुडतुडे अशी कारणे शोधली आणि शब्द मात्र 'लाल्या' हाच ठेवला. आज शास्त्रज्ञाने 'लाल्या' म्हटले की बांधावरच्या म्हाताऱ्यालाही कळते. शास्त्राचे यात काय बिघडले?

काहीजण विचारतील, जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी भाषा चालवली तर राज्य कसे चालणार? रास्त प्रश्न आहे. लिहिण्यासाठी एक सामाईक मराठी हवीच. कायदा तिच्यात असू द्या, कोर्टाचा निकाल असू द्या. यवतमाळच्या माणसाचे पत्र कोल्हापुरात वाचता आले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की सामाईक घरात सगळ्यांची भांडी असावीत. आणि जो कागद शेतकऱ्याच्या सहीसाठी किंवा अंगठ्यासाठी आहे, तो त्याला कळलाच पाहिजे. न कळलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे, ती फसवणूक आहे.

जिल्हा सभेपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

एक, पीकविम्याच्या प्रत्येक कागदावर भरपाईचा हिशेब वरच्यासारखा आकड्यांचे उदाहरण देऊन, त्या जिल्ह्यातल्या शब्दांत छापावा.

दोन, छापण्याआधी तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. जो शब्द सभेला कळणार नाही तो बदलावा.

तीन, पंचनाम्यात नुकसानीचे वर्णन आधी शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दांत लिहावे, सरकारी शब्द त्याच्यापुढे.

चार, विषाला विष म्हणावे. दुकानात, सभेत आणि आपल्या घरातही.

चौथी मागणी मंजूर करायला कोणत्याही मंत्र्याची गरज नाही, ती आजपासून पाळता येते. उरलेल्या तीन भांडून घ्याव्या लागतील. त्यासाठी सभेत उभे राहाल तेव्हा आपल्या बोलीतच बोला. 'मले' म्हणा, 'काहून' म्हणा. ज्या तोंडाने हिशेब मागायचा, ते तोंड आधी लाजेतून मोकळे झाले पाहिजे.