आधी लेबल, मग औषध

मैत्रिणींनो, आमच्या बडनेऱ्याहून यवतमाळ जिल्हा काही फार लांब नाही. तिथल्या घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओच्या डोसाऐवजी १२ लेकरांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. लेकरांना दवाखान्यात भरती करावं लागलं. ती वाचली, हे नशीब! कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण मला वाटतं, तेवढ्यानं पुढची चूक टळत नाही. लशीशेजारी दुसरी बाटली ठेवायचीच नाही, अशी शिस्त लागली तरच ती टळेल.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ : नर्सिंगमध्ये हे पाच नियम शिकवतात. पण एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड असला, की घाईत एखादा निसटतो. म्हणून ती इंजेक्शन भरत असताना तिला हाका मारू नका. पेशंटला एखादं औषध सोसत नसेल, तर आधीच सांगा. आणि न लाजता विचारा, "सिस्टर, हे कशाचं औषध?" हा संशय नव्हे, दोन डोळ्यांना आणखी दोन डोळ्यांची सोबत आहे. घरी लेकराला औषध पाजतानाही लेबल वाचायला विसरू नका.